जग वजा केलेला इतिहास

शाळेच्या पाठ्यपुस्तकातून एखादा राजा किंवा एखादी लढाई गाळली की आपल्याकडे मोर्चे निघतात, विधिमंडळात खडाजंगी होते आणि वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरून जातात. परंतु पाठ्यपुस्तकातून अवघे जगच गाळले गेले तर? त्याबद्दल कोणी हूं की चूं करीत नाही. महाराष्ट्रात नेमके हेच घडले आहे, आणि पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींनीही ते निमूटपणे घडू दिले आहे. आजचा लेख त्यासंबंधी आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. राज्य मंडळाचे नववीच्या इतिहासाचे पुस्तक २०१७ साली बदलले आणि दहावीचे २०१८ साली. त्यापूर्वीच्या पुस्तकांत साम्राज्यवाद, महायुद्धे, रशियन राज्यक्रांती, दोन महायुद्धांमधील जग अशी प्रकरणे क्रमाने येत असत. ती रटाळ असतील, अपुरी असतील, पण होती. २०१७ च्या नववीच्या पुस्तकातील इतिहासाचा भाग १९६० नंतरच्या भारताला वाहिलेला आहे. त्यातील विषय महत्त्वाचे आहेत याबद्दल वाद नाही. दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य व भारतीय परंपरा आणि त्यानंतर ‘उपयोजित इतिहास’ आहे. प्रसारमाध्यमे आणि इतिहास, मनोरंजनाची माध्यमे आणि इतिहास, खेळ आणि इतिहास, पर्यटन आणि इतिहास असे त्याचे पाठ आहेत. मग आधुनिक जग कोठे गेले? आठवीत ‘युरोप आणि भारत’ या एका पाठात प्रबोधन, अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध, फ्रेंच राज्यक्रांती, औद्योगिक क्रांती आणि वसाहतवाद यांची परिच्छेदा-परिच्छेदात वासलात लावलेली आहे. नववीच्या राज्यशास्त्रात दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घडामोडी एका प्रकरणात आहेत. बारावीच्या २०२० च्या पुस्तकात वसाहतवाद, महायुद्धे, निर्वसाहतीकरण व शीतयुद्ध आहे खरे. पण बारावीला इतिहास हा ऐच्छिक विषय. विज्ञान, वाणिज्य किंवा आयटीआयकडे गेलेला मुलगा त्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नाही. आणि दहावीनंतर शाळाच सोडून कामाला लागलेल्या मुलीचा तर प्रश्नच नाही.

या मांडणीतून कसे विनोद घडतात ते पाहा. दहावीच्या पहिल्याच पाठात विद्यार्थ्याची व्हॉल्टेअर, हेगेल, मार्क्स आणि फुको यांच्याशी गाठ घालून दिलेली आहे. म्हणजे इतिहासाकडे वर्गसंघर्षाच्या दृष्टीने पाहणारा मार्क्स आहे, पण ज्या कारखान्याच्या धुरात ही दृष्टी घडली तो कारखाना परिच्छेदापुरता. व्हॉल्टेअर आहे, पण त्याच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी पॅरिसमध्ये काय झाले ते दोन वर्षांपूर्वी चार ओळींत उरकलेले. पाया न घालता कळस चढवण्याचा हा उद्योग आहे. पंधरा वर्षांच्या मुलाने ही नावे पाठ करावीत, परीक्षेत जोड्या जुळवाव्यात आणि विसरून जावीत, याखेरीज त्यातून दुसरे काय निष्पन्न होणार?

‘उपयोजित’ या विशेषणाकडेही बारकाईने पाहिले पाहिजे. वारसास्थळांचे जतन, संग्रहालये, लोककला यांविषयी मुलांना सांगू नये असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न आहे तो त्यामागील धारणेचा. इतिहास शिकून काय मिळते, या प्रश्नाला पूर्वी ‘समज’ असे उत्तर होते. आता ‘संधी’ असे उत्तर दिले जात आहे. पर्यटनात संधी, दूरचित्रवाणीत संधी, क्रीडा-समालोचनात संधी. बाजाराने इतिहासाला विचारले की तू कोणत्या कामाचा, आणि इतिहास बिचारा हात जोडून आपली उपयुक्तता सिद्ध करू लागला! अर्थशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने बाजाराला कमी लेखू नये हे मी जाणतो. परंतु कोणत्या गोष्टी बाजाराच्या हाती सोपवायच्या नसतात हेही अर्थशास्त्रच शिकवते. नागरिकाची जाण ही अशा गोष्टींपैकी पहिली होय.

यात वर्गाचाही प्रश्न दडलेला आहे, आणि आपल्या वाचकांनी तो विशेष ध्यानात घ्यावा. केंद्रीय मंडळाच्या नववीच्या पुस्तकात २००६ सालापासून फ्रेंच राज्यक्रांती, युरोपातील समाजवाद व रशियन राज्यक्रांती, आणि नाझीवाद व हिटलरचा उदय ही तीन स्वतंत्र प्रकरणे आली आणि वर्षानुवर्षे शिकवली गेली. ती पुस्तके आपल्या राज्यात मुख्यतः कोणाची मुले वाचतात? बदलीच्या नोकरीतील अधिकाऱ्यांची आणि भरभक्कम शुल्क भरू शकणाऱ्यांची. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित मराठी शाळांतून शिकणारी शेतमजुरांची, गिरणी-कारखान्यांत राबणाऱ्यांची, ऊसतोड कामगारांची मुले मात्र ‘पर्यटन आणि इतिहास’ वाचणार. एकाने जग समजून घ्यायचे आणि दुसऱ्याने जग पाहायला आलेल्यांना वाट दाखवायची, अशी ही कामाची वाटणी आहे. कोणी जाणूनबुजून ती केली असे मी म्हणत नाही. पण परिणाम व्हायचा तो झालाच.

केंद्राकडेही फार आदराने पाहण्याचे कारण उरलेले नाही. तेथे ‘ओझे कमी करणे’ या नावाखाली कात्री चालू आहे. २०१९ साली नववी-दहावीच्या पुस्तकांतून शेतकरी व शेती यांच्या बदलांवरील प्रकरण, इंडो-चायनातील राष्ट्रीय चळवळीवरील प्रकरण आणि शहरांतील कामकरी जीवनावरील प्रकरण गळाले. २०२२ साली अकरावीच्या जागतिक इतिहासाच्या पुस्तकातून औद्योगिक क्रांतीचेच प्रकरण वगळले गेले. शेतकरी, वसाहतीतील जनता आणि कामगार! ओझे नेमके कोणाचे वाटले पाहा. जगाचा आधुनिक इतिहास सांगायचा आणि औद्योगिक क्रांती वगळायची म्हणजे रामायण सांगायचे आणि वनवास वगळायचा.

आता या धोरणाच्या समर्थनार्थ जे तीन युक्तिवाद केले जातात, त्यांचा क्रमाने विचार करू.

पहिला युक्तिवाद असा की, आधी आपला इतिहास, मग जगाचा. ऐकायला हा फार देशाभिमानी वाटतो. पण ‘आपला’ इतिहास जगाला वगळून सांगता येतो, हे त्यातील गृहीतच खोटे आहे. महाराष्ट्राचीच उदाहरणे घेऊ. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील राज्यांचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, समभागांचा सट्टा शिगेला पोहोचला. १८६५ साली युद्ध संपले आणि हा सारा डोलारा कोसळला. पुढच्या वर्षांत भाव उतरले, सरकारी सारा मात्र वाढला, सावकारांनी कर्जाचा हात आखडला, आणि १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. दख्खनच्या दंग्यांची ही ठिणगी. त्यातून १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. सुप्याच्या बाजारपेठेतील आगीचा धागा अमेरिकेतील युद्धाच्या अर्थकारणापर्यंत मागे जातो, हे ज्याला शिकवले नाही त्याला सुप्याचाही इतिहास कळलेला नाही.

त्याच युद्धाचा दुसरा धागा पाहा. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून शूद्रातिशूद्रांचा विचार करणाऱ्या या माणसाने दास्य हा सबंध मानवजातीचा प्रश्न आहे हे ओळखले होते. टॉमस पेनच्या ग्रंथांचा त्याच्यावरील प्रभाव सर्वश्रुत आहे. पुढे १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिले. कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निवेदनाविषयी त्यांना जाणून घ्यायचे होते, कारण अस्पृश्यांचा प्रश्नही तसाच जगापुढे नेण्याचा विचार त्यांच्या मनात होता. जोतीरावांची जयंती आम्ही साजरी करतो, बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालतो. पण ज्या जगाकडे डोळे लावून त्यांनी आपला लढा उभारला, ते जग आमच्या मुलांना दाखवत नाही. ही कसली कृतज्ञता?

सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचे गाव आहे. लोक त्याला ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या आणि अशा कित्येक गावांतले तरुण परदेशी रणांगणावर गेले. त्या युद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार नेण्यात आली आणि सुमारे ७४ हजार परतली नाहीत. पुण्याचे नाव धारण करणारी सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत येथे वेढ्यात अडकली आणि उपासमारीने खंगून २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांना शरण गेली. त्या मोहिमेचा आरंभ कशासाठी झाला होता? इराणी आखाताच्या तोंडावरील तेलाच्या संरक्षणासाठी. सह्याद्रीच्या कुशीतील शेतकऱ्याचे पोर दुसऱ्याच्या तेलासाठी टायग्रिसच्या काठी का मेले, हा प्रश्न सातारच्या इतिहासाचा की जगाच्या? ज्याला या प्रश्नाचे उत्तर मिळाले त्याला पश्चिम आशियातील आजच्या युद्धांच्या बातम्या वाचतानाही काही निराळे दिसेल.

आणखी एकच दाखला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली रविवारची सुट्टी मिळवली. परंतु त्या काळात हिंदुस्थानात कारखान्यांचे कायदे व्हावेत यासाठी विलायतेत जो आग्रह धरला जात होता, त्यात लँकेशायरच्या गिरणीमालकांचाही हात होता. मुंबईच्या स्वस्त कापडाची त्यांना धास्ती होती. भूतदया आणि नफा एकाच सुरात कसे बोलू शकतात, आणि अशाही फटीतून कामगाराने आपला हक्क कसा ओढून घ्यावा, याचा याहून चांगला धडा कोणता? आजही कामगारांच्या हक्कांच्या अटी व्यापार-करारांत घातल्या जातात, तेव्हा हाच प्रश्न नव्या वेषात समोर उभा राहतो.

दुसरा युक्तिवाद अधिक विद्वत्तापूर्ण आहे. जगाचा इतिहास म्हणून जे शिकवले जाते तो वस्तुतः युरोपचाच इतिहास असतो. मग तो गेला तर बिघडले काय? यातील तक्रार खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा. युरोपकेंद्री इतिहासावरचा उपाय जग वाढवणे हा आहे, जग पुसणे हा नव्हे. फ्रेंच राज्यक्रांतीचेच घ्या. १७८९ साली पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा निघाला हे जुन्या पुस्तकांतून सांगितले जाई. पण फ्रान्सच्या सँ-दोमँग या वसाहतीत ऊस आणि कॉफी पिकवण्यासाठी लक्षावधी आफ्रिकी गुलाम राबत होते, आणि त्यांनी तो जाहीरनामा स्वतःलाही लागू आहे असे मानले, हे सांगितले जात नसे. १७९१ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी उठाव केला. १७९४ साली पॅरिसला गुलामगिरी रद्द करावी लागली. १८०२ साली नेपोलियनने ती पुन्हा आणली. त्याच्या सैन्याचा पाडाव करून १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाले. गुलामांनी स्वतः घडवून आणलेले ते पहिले स्वतंत्र राष्ट्र.

त्यापुढची हकिकत तर अर्थशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे. १८२५ साली फ्रान्सने आरमार पाठवून हैतीकडे १५ कोटी फ्रँक मागितले. कशाबद्दल? मळेवाल्यांची ‘मालमत्ता’ गेली त्याची भरपाई म्हणून; आणि त्या मालमत्तेत माणसेही धरलेली होती! १८३८ साली ही रक्कम ९ कोटींवर आली, पण ती फेडण्यासाठी काढलेल्या कर्जांचा फास विसाव्या शतकापर्यंत त्या देशाच्या गळ्याभोवती राहिला. गुलामाने स्वतःची किंमत मालकाला चुकती करायची, तीही कर्ज काढून. ‘मागास देश मागास का राहिले’ या प्रश्नाला आळस, हवामान आणि लोकसंख्या अशी उत्तरे देणाऱ्यांच्या तोंडावर हे एक उदाहरण पुरेसे आहे. पॅरिससोबत हैती शिकवा. १७८९ च्या जाहीरनाम्यासोबत १७९१ साली स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिणारी आणि १७९३ साली गिलोटिनवर गेलेली ओलँप द गूज शिकवा. मग ‘स्वातंत्र्य, समता, बंधुता’ हे शब्द घोषणा न राहता वाद म्हणून विद्यार्थ्यासमोर उभे राहतील. आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेत ते शब्द आहेत, आणि शाळेत रोज तिचे वाचनही होते. ज्या शब्दांसाठी माणसे मेली त्यांचा इतिहास न सांगता ते रोज म्हणवून घेणे म्हणजे उद्देशिकेची आरती करणे होय.

तिसरा युक्तिवाद व्यवहाराचा: अभ्यासक्रमाचे ओझे वाढते, शिक्षक अपुरे आहेत, मुलांना हे कळत नाही. ‘मुलांना कळत नाही’ हे तर मी मुळीच मान्य करणार नाही. जवाहरलाल नेहरूंनी १९३० ते १९३३ या काळात तुरुंगातून आपल्या मुलीला जगाच्या इतिहासावर जवळजवळ दोनशे पत्रे लिहिली. पहिले पत्र लिहिले तेव्हा ती तेरा वर्षांची होती, म्हणजे आपल्या आठवी-नववीतल्या मुलीच्या वयाची. नेहरूंची मुलगी आणि शेतमजुराची मुलगी यांच्या घरातील पुस्तकांत फरक असेल; बुद्धीत फरक आहे असे ज्याला वाटते त्याने तसे उघडपणे म्हणावे. अमळनेरच्या शाळेत शिकवणाऱ्या साने गुरुजींना तसे वाटले नव्हते. खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलांसमोर त्यांनी जग उलगडून ठेवले.

राहिले ओझे. ओझे विषयाचे नसते, पद्धतीचे असते. इतिहास व राज्यशास्त्राची मिळून चाळीस गुणांची लेखी परीक्षा. तीत रिकाम्या जागा, जोड्या, टिपा आणि कारणे. सारे मार्गदर्शिकेतून पाठ करायचे. अशा परीक्षेपुढे हैती ठेवा की हळदीघाट, दोहोंचा भुगाच होणार. त्याऐवजी वर्षभरात सहाच विषय घ्यावेत आणि ते पुरतेपणी शिकवावेत. गुलामांचा व्यापार आणि वसाहती. १७७६ ते १८०४ या काळातील क्रांत्या. कारखाना आणि कामगार. पहिले महायुद्ध आणि रशियातील क्रांती. जागतिक मंदी, फॅसिझम आणि दुसरे महायुद्ध. आणि आशिया-आफ्रिकेची मुक्ती, बांडुंगच्या १९५५ च्या परिषदेपासून दक्षिण आफ्रिकेतील १९९४ च्या निवडणुकीपर्यंत. प्रत्येक विषयाला एक नकाशा, एक कोष्टक, त्या काळातील एखादे पत्र किंवा भाषण, आणि आपल्या जिल्ह्याशी जोडणारा एक धागा. यापेक्षा जास्त काही नको.

एक विषय नमुन्यादाखल घेतो, कारण तो सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वांत वाईट शिकवला जातो. जर्मनीत हिटलर सत्तेवर का आला? सुशिक्षित माणसाकडून हमखास मिळणारे उत्तर असे की, व्हर्सायच्या तहाने अपमान झाला, नोटांची पोती भरून पाव आणावा लागे, लोक चिडले, हिटलर आला. महाविद्यालयात पदवीच्या पहिल्या वर्गाला मंदीचे प्रकरण शिकवताना मी वर्षानुवर्षे हेच उत्तर ऐकले. आणि अलीकडच्या वर्षांत तर एवढेही उत्तर ऐकू येईनासे झाले होते. आता आकडे पाहा. ती प्रचंड चलनवाढ १९२३ सालची. त्यानंतर १९२८ च्या निवडणुकीत नाझींना मते मिळाली अवघी २.६ टक्के. १९२९ साली मंदी आली, कारखाने बंद पडू लागले, आणि सरकारने खर्चाला व पगारांना कात्री लावण्याचे धोरण धरले. १९३० साली नाझींची मते १८.३ टक्क्यांवर गेली. १९३२ च्या जुलैत ३७ टक्क्यांच्या वर. त्या वर्षी बेकारांची संख्या साठ लाखांच्या घरात होती. म्हणजे हिटलरला मोठे केले ते नोटांच्या पोत्यांनी नव्हे. बेकारीने, आणि बेकारीपुढे हात बांधून बसलेल्या काटकसरीच्या धोरणाने. हा फरक केवळ अभ्यासकांच्या उपयोगाचा नाही. चलनवाढीची भीती दाखवून रोजगाराचा प्रश्न मागे सारणारे सरकार लोकशाहीला कोठे नेऊन सोडते, हे त्यातून शिकायचे आहे.

याच कोष्टकातील पुढची ओळ आपल्यासाठी आहे. नोव्हेंबर १९३२ च्या निवडणुकीत नाझी उतरणीला लागले होते. त्यांना १९६ जागा मिळाल्या. समाजवादी लोकशाही पक्षाला १२१ आणि कम्युनिस्टांना १००. दोघांची बेरीज २२१. पण ती बेरीज झालीच नाही. कम्युनिस्ट समाजवाद्यांना ‘सामाजिक फॅसिस्ट’ म्हणत होते, समाजवादी कम्युनिस्टांकडे संशयाने पाहत होते, आणि बड्या उद्योगपतींच्या व जमीनदारांच्या वर्तुळातील मंडळी हिटलरला आपण वापरून घेऊ अशा भ्रमात होती. ३० जानेवारी १९३३ रोजी तो चॅन्सेलर झाला. २३ मार्चला सर्वाधिकार देणारा कायदा आला, तेव्हा विरोधात पडलेली ९४ मते समाजवाद्यांची होती. कम्युनिस्ट सभासद तोवर तुरुंगात किंवा परागंदा झालेले होते. २ मे रोजी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेण्यात आल्या. दाखाऊच्या छळछावणीत दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते अखेर एकत्र आले. पण तोवर फार उशीर झाला होता.

हे जर वर्गात शिकवले नाही तर जागा रिकामी राहत नाही. आपल्या शहरांतील पदपथांवर, बसस्थानकांवरील दुकानांत हिटलरच्या आत्मचरित्राची मराठी भाषांतरे खपत असतात. ‘कडक शिस्तीचा नेता’, ‘बेकारी हटवणारा नेता’ अशी त्याची कीर्ती मोबाइलवरून घरोघर पोहोचते. शस्त्रनिर्मितीवर उधळलेला पैसा, नोकऱ्यांतून हाकललेले ज्यू व स्त्रिया, संपाचा हक्क गमावलेला कामगार आणि अखेरीस साठ लाख ज्यूंची हत्या, हा त्या कीर्तीचा जमाखर्च सांगणार कोण? शाळेने सांगितला नाही तर कोणीच सांगणार नाही.

येथे आपल्याच घरातील मित्रांनाही चार शब्द सुनावणे भाग आहे. जगाचा इतिहास शिकवा म्हणताना आपल्याला सोयीचा तेवढाच शिकवा, असे आपल्याला म्हणता येणार नाही. १९१७ ची रशियन राज्यक्रांती शिकवायची, तर तिने जगभरच्या श्रमिकांना दिलेली उमेद सांगायची, आणि १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेनमध्ये व इतरत्र सरकारी धान्यवसुलीपायी मेलेली लक्षावधी माणसेही सांगायची. १९३७-३८ या दोनच वर्षांत सुमारे सात लाख लोकांना गोळ्या घालण्यात आल्या, त्यांत जुने क्रांतिकारक किती होते ते सांगायचे. १९३९ चा हिटलर-स्टालिन करार, १९५६ चे हंगेरी, १९६८ चे प्राग, काहीही झाकायचे नाही. लोकशाहीवाचून समाजवाद नाही, ही गोष्ट आपण व्यासपीठावरून सांगत आलो. तिचा पुरावा इतिहासात आहे, आणि तो आपल्या विरोधकांनी मोडूनतोडून सांगण्याआधी आपणच नीट सांगितला पाहिजे. त्याचबरोबर १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे मेली, ती मुक्त म्हणवणाऱ्या ब्रिटनच्या राज्यात मेली, हेही त्याच तासाला सांगितले पाहिजे. इतिहास कोणाचाही वकील नसतो. ज्याला वकील हवा आहे त्याने इतिहासाच्या वर्गात येऊ नये.

मग करायचे काय? पहिली मागणी शासनाकडे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्याची पाठ्यपुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. नववी व दहावी मिळून आधुनिक जगाच्या इतिहासाला सलग स्थान द्यावे, तो सर्वांना अनिवार्य असावा, आणि तो शिकवण्यासाठी इतिहास शिकलेला, पूर्ण वेतनाचा शिक्षक असावा. तुटपुंज्या मानधनावर, उद्याच्या नोकरीची शाश्वती नसलेल्या माणसाने मुलांना मानवी हक्कांचा इतिहास शिकवावा, ही अपेक्षा क्रूर आहे. दुसरी मागणी मराठीतील अभ्यासकांकडे. शालेय मुलांना वाचता येतील अशा चाळीस-पन्नास पानांच्या पुस्तिका या सहा विषयांवर हव्यात. मराठीत विश्वकोश झाला, ज्ञानकोश झाला. या पुस्तिका होऊ शकत नाहीत असे मानण्याचे कारण नाही.

तिसरी मागणी तुमच्याकडे, म्हणजे कार्यकर्त्यांकडे. निवेदने देऊन तहसील कचेरीची पायरी झिजवणे आपल्याला चांगले जमते. त्यासोबत प्रत्येक तालुक्यात एका वाचनालयात किंवा शाळेच्या वर्गात आठवड्यातून एक संध्याकाळ, असे सहा आठवडे, नववी-दहावीच्या मुलांसाठी हा वर्ग चालवता येईल. वक्ता बाहेरून आणण्याची गरज नाही. गावातील निवृत्त शिक्षक, पहिल्या-दुसऱ्या महायुद्धात गेलेल्यांच्या घरची मंडळी, जुन्या गिरणी कामगारांची मुले यांच्यापासून सुरुवात करा. आधी स्वतः वाचा, मग सांगा. मुले प्रश्न विचारतील. त्यांतले अर्धे आपल्याला अडचणीत आणणारे असतील. तसे ते यावेत, यासाठीच तर हा खटाटोप.

जगात भांडवल कोठून कोठे धावते, युद्ध कोठे पेटले की खताची गोणी आणि सिलिंडर महागतो, कोणत्या देशाने आयातकर वाढवला की सोलापूरचा हातमाग आणि कोकणातील कोळंबी अडचणीत येते, हे आपल्या मुलांच्या पोटापाण्याला रोज भिडणार आहे. जग त्यांच्या घरात केव्हाच शिरलेले आहे. फक्त त्यांच्या पुस्तकातून ते बाहेर काढलेले आहे. जे आपल्यावर राज्य करते त्याचा इतिहास आपल्याला ठाऊक नसावा, ही स्थिती राज्य करणाऱ्यांच्या सोयीची आहे. आपण ती का चालू द्यावी?